कांदा अडतो कुठे?

कांद्यासंबंधीच्या दोन बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. एक बातमी सांगते, की कांद्याने गृहिणींच्या डोळ्यांत पाणी आणले. दुसरी सांगते, की भाव मिळाला नाही म्हणून शेतकऱ्याने कांदा रस्त्यावर ओतून दिला. पुष्कळदा या दोन्ही बातम्या एकाच वर्षातल्या असतात, आणि मग वाचणारा गोंधळतो. कांदा कमी पिकला असेल तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळायला हवेत. जास्त पिकला असेल तर शहरात तो स्वस्त व्हायला हवा. दोघेही एकाच वर्षात रडतात, हे कसे?

याचे उत्तर पिकात कमी आणि वाटेत जास्त आहे. लासलगावच्या शिवारातला कांदा दिल्लीच्या किंवा ढाक्याच्या स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत चाळ, बाजार समितीचा लिलाव, व्यापाऱ्याचे खळे, हमालाची पाठ, मालगाडी किंवा ट्रक, बंदर किंवा सीमेवरचे नाके आणि शेवटी कोपऱ्यावरचा भाजीवाला अशा अनेक हातांतून जातो. यातला एक हात थांबला तरी सगळी साखळी अडते. नाशिक जिल्ह्याच्या कांद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे ही साखळी जोडली कशी गेली आणि तुटली कुठेकुठे, याचा इतिहास आहे.

आधी या पिकाचे वेळापत्रक समजून घेऊ. आपल्याकडे कांदा वर्षातून तीनदा येतो. पावसाळ्यात लावलेला खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. त्याच्या पाठोपाठ रांगडा येतो. आणि मार्चपासून मेपर्यंत निघतो तो रब्बीचा उन्हाळ कांदा. लाल कांदा टिकत नाही, तो आला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मात्र चाळीत हवा खेळती ठेवून चार-सहा महिने राखता येतो. देशाची जून ते ऑक्टोबरची गरज प्रामुख्याने या चाळींवरच भागते. पण चाळीतला कांदा सगळाच्या सगळा शिल्लक राहत नाही. काही वाळून वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. सहा महिन्यांत साधारण तिसरा हिस्सा असा जातो. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुना कांदा संपत आलेला असतो आणि नवा अजून शेतात असतो. याच दिवसांत पाऊस लांबला तर लाल कांदा जागेवर कुजतो. भाववाढीच्या बहुतेक बातम्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या असतात, त्याचे कारण हे.

आता थोडे मागे जाऊ. रेल्वेपूर्वी नाशिकहून मुंबईकडे जाणारा माल थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून उतरत असे. लमाणांचे तांडे देशावरचे धान्य खाली नेत आणि कोकणातले मीठ वर आणत. पावसाळ्यात ही वाट जवळपास बंदच असे. धान्य, गूळ, मीठ अशा टिकणाऱ्या मालाला हे चालत होते. कांद्यासारख्या नाशवंत आणि वजनदार मालाला लांबचा बाजार नव्हताच. जे पिके ते आसपासच्या आठवडी बाजारांत खपे.

ही स्थिती रेल्वेने बदलली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८६५ साली थळ घाटाचा मार्ग खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा हा चढ. आजही कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी चढवायची तर मागून जादा इंजिने लावावी लागतात. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली. १८७८ मध्ये मनमाड-दौंड मार्ग झाला आणि पुढे मनमाडहून हैदराबादकडेही रूळ गेले. मनमाड हे असे चहूकडे वाटा फुटणारे गाव झाले. त्याच्या अलीकडेच निफाड आणि लासलगाव ही स्थानके होती. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातली काळी जमीन, विहिरीचे पाणी आणि दारात रेल्वे यांचा हा योग होता. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, लासलगावला बाजार समिती स्थापन झाली. आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून पुढे तिचे नाव झाले. आज देशाच्या कोणत्याही शहरातला व्यापारी सकाळी लासलगावचा भाव विचारूनच आपला भाव ठरवतो.

लांबचा बाजार मिळाला, तशी लांबची जोखीमही आली. दूरच्या ठिकाणी दुवा तुटला तर घरातल्या चुलीवर काय परिणाम होतो, हा धडा मुंबईकरांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळाला तो मात्र कांद्याने नव्हे, तांदळाने. मुंबई आणि कोकण ब्रह्मदेशाच्या तांदळावर बरेच अवलंबून होते. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि हा तांदूळ येणे थांबले. दुसऱ्या वर्षी, मे १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. अनेक घरांत भाताच्या जागी बाजरी-ज्वारी आली. हजारो मैलांवरच्या बंदरात झालेली उलथापालथ आपल्या ताटात येऊन बसते, हे त्या पिढीने चांगलेच अनुभवले.

कांद्याच्या बाबतीत असे निर्णायक वर्ष म्हणजे १९८०. त्या वर्षाची सुरुवात ग्राहकाच्या रागाने झाली आणि शेवट शेतकऱ्याच्या. जानेवारीतल्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा चढा भाव हा प्रचाराचा मुद्दा होता. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या, त्या निवडणुकीला पुढे 'कांद्याची निवडणूक' असेच नाव पडले. पण याच वर्षी शरद जोशींनी चाकणच्या बाजारात कांद्याच्या पडत्या भावासाठी आंदोलन उभे केले. नोव्हेंबरात ते नाशिक जिल्ह्यात आले. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, या मागण्यांसाठी हजारो शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि रेल्वे रुळांवर बसले. खेरवाडी स्थानकाजवळ पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी बळी पडले.

या आंदोलनात एक नवी गोष्ट होती. तोपर्यंत साखळी तुटायची ती युद्धाने, पावसाने किंवा सरकारच्या हुकमाने. या वेळी ज्याच्या शेतात ती सुरू होते, त्याच माणसाने ती जाणूनबुजून अडवली. आपल्या मालाला भाव नसेल, पण आपल्या वाटेला किंमत आहे, हे त्याने ओळखले होते. मनमाडची लोहमार्गाची कोंडी मुंबई-दिल्लीला जाणवते, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक आंदोलकाला ठाऊक झाली.

१९९८ मध्ये पुन्हा ग्राहकाची पाळी आली. पावसाने पिकाचे नुकसान झाले आणि ऐन सणासुदीत दिल्लीत कांदा किलोला ५०-६० रुपयांवर गेला. तेव्हाच्या पगारांच्या मानाने हा भाव भयंकर होता. निर्यात बंद झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकांत दिल्ली आणि राजस्थान ही दोन्ही राज्ये भाजपच्या हातून गेली. कांदा सरकारे पाडतो, हे वाक्य तेव्हापासून राजकारण्यांच्या मनात घर करून बसले. पुढच्या पंचवीस वर्षांतले बहुतेक निर्णय या भीतीतून झाले आहेत, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

इथे एक साधे अर्थशास्त्र लक्षात घ्यायला हवे. माल थोडासाच कमी पडतो आणि भाव मात्र दुप्पट-तिप्पट होतो, हे कसे? कारण कांदा महागला म्हणून फोडणी कोणी बंद करत नाही. चार किलोंऐवजी तीन किलो आणतो, इतकेच. मागणी फारशी घटत नाही, म्हणून भाव उसळतो. आणि साखळीतला दुवा तुटतो, तेव्हा दोन्ही टोकांना उलटे परिणाम होतात. गाडी वेळेवर मिळेल की नाही, माल सीमेवर अडकेल का, उद्या निर्यात बंद होईल का, असा संशय आला की व्यापारी लिलावात बोली कमी लावतो. नुकसानीची शक्यता तो आधीच वळती करून घेतो. दुसऱ्या टोकाला शहरातल्या भाजीवाल्याकडे माल कमी आणि निम्मा भिजलेला येतो. तो सडलेल्या कांद्याची किंमत चांगल्या कांद्यावर चढवतो. अशा रीतीने लासलगावला भाव पडलेला आणि दादरला चढलेला, हे एकाच दिवशी घडू शकते. यात दर वेळी कोणी साठेबाजी केलेलीच असते असे नाही. जोखमीचेही पैसे असतात, आणि ते शेवटी शेतकरी आणि ग्राहक यांच्याच खिशातून जातात.

एकविसाव्या शतकात या साखळीचे जवळजवळ प्रत्येक दुवे कधी ना कधी तुटून दाखवून गेले. २०१० च्या नोव्हेंबरात अवकाळी पावसाने नाशिकचा लाल कांदा भिजवला. डिसेंबरात किरकोळ भाव ८० रुपयांवर गेला, निर्यात थांबली आणि पाकिस्तानातून कांदा आणावा लागला. हा हवामानाचा दुवा.

२०१६ च्या जुलैत अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याच्या निर्णयावरून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. हा बाजाराचा दुवा. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. कांद्याचा व्यवहार तोवर रोखीचा. ट्रॉली रिकामी झाली की शेतकरी पैसे मोजून घेऊन घरी जायचा. रोकडच नाही म्हटल्यावर लासलगावचे लिलाव काही दिवस थांबले, मग धनादेश सुरू झाले. गंमत अशी, की देशाच्या नोटा छापणारा छापखाना नाशिकरोडलाच आहे. तिथून साठेक किलोमीटरवरच्या बाजारात नोटेअभावी कांदा पडून होता. पैसा हाही साखळीतला एक दुवाच आहे, हे तेव्हा कळले.

२०१८ च्या अखेरीस तर पीक भरपूर होते आणि वाटही मोकळी होती, तरी भाव पार तळाला गेला. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. किलोला दीड रुपयाहूनही कमी. वर्ष उलटले नाही तोच, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसाने चित्र उलटे केले आणि डिसेंबरात अनेक शहरांत कांदा शंभरीपार गेला. तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा भारतात आला. त्याआधी २९ सप्टेंबरला निर्यातबंदी झालेली होती. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी भर सभेत हसत हसत तक्रार केली, की आता आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. निदान आधी कळवायचे तरी. विनोदाने सांगितलेली ती गोष्ट गंभीर होती. नाशिकच्या कांद्यावर ढाक्याचा स्वयंपाक चालतो, आणि तिथल्या गृहिणीला आपण पूर्वसूचना न देता तोडतो.

२०२० मध्ये करोनाने सगळे दुवे एकदम ओढले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली. उन्हाळ कांदा नेमका तेव्हा निघत होता. ट्रकचालक गावी गेले, हमाल गेले, हॉटेले बंद पडली. गोणपाट येते बंगालमधून, तिथल्या ताग गिरण्या बंद. मे महिन्यात वाशीची मुंबई बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली. लासलगावला कांदा किलोला पाच-सात रुपयांच्या घरात आला. पण याच काळात रेल्वेने जुनी वाट पुन्हा दाखवली. रस्ते अडले असताना मालगाड्या भरून कांदा थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल सुटली, ती आपल्या देवळालीहून, बिहारमधल्या दानापूरकडे. आणि पाचच आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, पुन्हा निर्यातबंदी आली. बंदरात कंटेनर अडकले, बांगलादेशाच्या सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या आणि त्यांतला बराच कांदा उभ्या जागी सडला.

२०२३ मध्ये हा खेळ आणखी एकदा झाला. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यातले लिलाव आधी ऑगस्टात आणि मग २० सप्टेंबरपासून जवळजवळ पंधरवडाभर बंद राहिले. ८ डिसेंबरला पूर्ण निर्यातबंदी झाली आणि काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्यावर आला. नवीन वर्षाच्या पहिल्याच दोन दिवसांत टँकरचालकांनी अपघातासंबंधीच्या नव्या कायद्याविरुद्ध काम बंद केले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर हलेनात आणि नाशिकच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तिकडे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होते. नाशिकची द्राक्षे युरोपला नेणारी जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडे वाढले. येमेनच्या किनाऱ्यावरचे भांडण दिंडोरीच्या द्राक्षबागेपर्यंत असे पोहोचते.

निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. तोवर लोकसभेची निवडणूक सुरू झाली होती. कांदा हा जिल्ह्यात प्रचाराचा मोठा विषय होता आणि दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. १९९८ मध्ये ग्राहकाच्या रागाने सरकारे गेली, २०२४ मध्ये उत्पादकाचा राग मतपेटीत दिसला. उरलेले निर्यात शुल्क शेवटी १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

या सगळ्यातून काय दिसते? टंचाईचे कारण दर वेळी वेगळे होते. कधी पाऊस, कधी चलन, कधी हमाल आणि ट्रक, कधी बंदर. उपाय मात्र एकच होत आला, तो म्हणजे देशाचे दार लावून घेणे. याचे कारण सोपे आहे. पाऊस थांबवता येत नाही, चाळी एका रात्रीत बांधता येत नाहीत. अधिसूचना मात्र एका संध्याकाळी काढता येते. शहरातल्या ग्राहकाला तिचा थोडाफार दिलासा मिळतो, नाही असे नाही. पण तिची किंमत नंतर चुकवावी लागते. आपला माल कधी बंद होईल याचा भरवसा नाही म्हटल्यावर परदेशातला गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळतो. बांगलादेशाने स्वतःचे पीक वाढवले, शिवाय तो चीन आणि पाकिस्तानकडूनही घेऊ लागला. एकदा गेलेले गिऱ्हाईक परत आणणे किती कठीण असते, हे कोणताही दुकानदार सांगेल. आणि भाव पडल्याने हात पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी कमी लावतो. मग पुढच्या वर्षी ग्राहकाला महाग मिळते. आजचा दिलासा असा वर्षभराने त्याच घरात वसूल होतो.

दुवे मजबूत करण्याचे मार्ग ठाऊक नाहीत असे नाही. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून उभे आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत हा त्यामागचा एक हेतू. २००७ मध्ये हापूस आंबा अमेरिकेला जाऊ लागला, तो इथूनच प्रक्रिया होऊन. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारच्या राखीव साठ्यातला सुमारे १,६०० टन कांदा लासलगावहून एकाच मालगाडीने दिल्लीला पोहोचला. ट्रकपेक्षा स्वस्त आणि एकरकमी. दीडशे वर्षांपूर्वी जो मार्ग या पिकाला मोठे करून गेला, तोच अजूनही उपयोगी आहे. गावोगाव चांगल्या चाळी, भरवशाची मालगाडी, आणि निर्यातीचे धोरण हंगामाआधी जाहीर करून वर्षभर न बदलणे, या तीन गोष्टींनी पाऊस टळणार नाही, पण पावसाचा मार निम्मा होईल.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पैशांत मोजता येत नाही. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे शहरातला ग्राहक आणि गावातला शेतकरी एकमेकांकडे प्रतिपक्ष म्हणून पाहतात. कांदा महागला की शेतकरी गब्बर झाला असे शहराला वाटते. स्वस्त झाला की शहर आपल्या जिवावर जेवते असे गावाला वाटते. वास्तविक ज्या दिवशी साखळी तुटते, त्या दिवशी दोघांचाही खिसा कापला जातो. पुढच्या वेळी भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालताना आपण एवढे जरी विचारले, की आज लासलगावला काय भाव निघाला आणि मधे काय अडले आहे, तरी आपली तक्रार योग्य पत्त्यावर जायला सुरुवात होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)